गाडी पाच जणांची, घर दहा जणांचे

ईदची धामधूम संपली आणि मुलांच्या सुट्ट्या तोंडावर आल्या, की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. शीरखुर्म्याचे दूध का फाटले, शामी कबाब तव्यावर का सुटले, हे प्रश्न मागे पडतात. मुलांच्या हातात ईदी असते, शाळेतल्या मित्रांनी काहीबाही सांगितलेले असते, आणि मग घरोघरी एकच हट्ट सुरू होतो, ‘इमॅजिकाला जायचे!’ मोठी माणसे हिशेबाला बसतात. तिकिटाचे किती, खाण्यापिण्याचे किती आणि जायचे कशाने? यातला शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. या वेळी अख्खे पान त्यालाच द्यायचे ठरवले, ते मुंब्र्याहून आलेल्या एका पत्रामुळे.

पत्र लिहिणाऱ्या बहीण अडुसष्ट वर्षांच्या आहेत. नाव छापू नका म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना नुसते अम्मी म्हणू. त्या लिहितात, ‘आमच्याकडे गाडी नव्हती तेव्हा आम्ही सगळे मिळून जायचो. राणीच्या बागेत गेलो, जुहूला गेलो, महाडला लग्नाला गेलो. लोकलने, एसटीने, जमेल तसे. दोन वर्षांपूर्वी मुलाने गाडी घेतली. अल्लाहने बरकत दिली, मला आनंदच आहे. पण तेव्हापासून मी घरीच असते. गाडीत पाच जण बसतात. मुलगा, सून आणि तीन नातवंडे. माझी मुलगी बेवा आहे, तिची दोन मुले आमच्याच घरात वाढतात. ती खिडकीतून गाडी निघताना बघतात. धाकटा मुलगा म्हणतो, मला काम आहे. माझा मोठा मुलगा वाईट नाही. तो म्हणतो, अम्मी, तुम्हाला झेपणार नाही. आता इमॅजिकाला जायचे घाटते आहे. मला झेपेल की नाही, हे कोणी मला विचारून तर बघा.’

हे पत्र आम्ही दोनदा वाचले. यात कोणाचा दोष काढण्यासारखे फारसे नाही. मेहनतीने गाडी घेतलेल्या माणसाला ती चालवावीशी वाटणार, मुलाबाळांना फिरवावेसे वाटणार. पण एक गोष्ट अशी, की गाडी दारात आली की ‘कोण कोण येणार’ हा प्रश्न घरात कोणी विचारतच नाही. सीटांनी तो आधीच सोडवलेला असतो. अशी घरे मुंब्र्यात एकच नाहीत; कुर्ल्यात आहेत, भिवंडीत आहेत, पनवेल-तळोज्याच्या नव्या इमारतींतही आहेत. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की आधी माणसे मोजावीत आणि मग वाहन ठरवावे. अम्मींच्या घरी माणसे दहा आहेत. पुढचा सगळा हिशेब आम्ही या दहा जणांना डोळ्यांसमोर ठेवून करतो; वाचकांनी आपापला आकडा घालून बघावा.

आधी जागा समजून घेऊ. इमॅजिका पार्क २०१३ साली सुरू झाले. ते रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ आहे. दक्षिण मुंबईतून रस्त्याने ऐंशी किलोमीटरच्या आसपास, मुंब्र्याहून त्याहून बरेच कमी. घाट चढावा लागत नाही, कारण खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. ज्यांच्या मुलांना वळणावर उलटी होते त्यांनी एवढ्यावरच सुटकेचा श्वास सोडावा.

आमच्या पिढीला या चर्चेची गंमत वाटते. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा कशाने जायचे यावर फार खल करण्याची सोयच नव्हती. बोरिवलीला किंवा मालाडला उतरायचे, बस धरायची आणि खाडी लाँचने ओलांडायची. निम्मी मजा त्या लाँचमध्येच होती, आणि लाँचला सीटा मोजाव्या लागत नव्हत्या. फुफी, खाला, शेजारची दोन मुले, सगळी मावत. ते पार्क आता बंद झाले. खोपोलीला मात्र चार वाटांनी जाता येते, म्हणून निवडीचा प्रश्न आला.

आता स्वतःची मोटार. दक्षिण मुंबईतल्या, म्हणजे डोंगरी, भायखळा, माझगाव भागातल्या कुटुंबांना शिवडीहून अटल सेतू जवळ पडतो. तो जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. लांबी जवळपास बावीस किलोमीटर, आणि मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये ठरलेला आहे. गोवंडी, चेंबूर, कुर्ल्याच्या लोकांनी वाशीवरूनच जावे. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. मुंब्र्याच्या मंडळींना शिळफाटा, तळोजे, कळंबोली असा रस्ता आहे आणि द्रुतगती मार्ग कळंबोलीलाच सुरू होतो. त्या मार्गाचा पुण्यापर्यंतचा टोल मोटारीला ३२० रुपये आहे. खोपोलीसाठी मध्येच उतरणाऱ्याला कमी पडतो. खालापूरच्या टोलनाक्याच्या आसपास खोपोली-पालीची पाटी आली की लक्ष ठेवून डावीकडे यायचे. तो फाटा हुकला तर समोर घाटच लागतो. मग काय वाटेल ते झाले तरी गाडी मागे घ्यायची नाही. निमूट घाट चढून लोणावळ्याहून वळून यायचे. द्रुतगती मार्गावर शंभर पावलांसाठी उलटी घेतलेली गाडी हे अपघाताचे साधे सरळ आमंत्रण आहे.

मोटार बरी की वाईट, हे सकाळी कळत नाही. सकाळी सगळे ताजेतवाने असतात, फजर पढून निघालेले असतात, मुले गाणी म्हणत असतात, रस्ता मोकळा असतो. मोटारीची खरी परीक्षा परतीला. दिवसभर उन्हात रांगा लावून पाय आखडलेले असतात, मुले पेंगत असतात, आणि गाडी चालवणाराही त्याच रांगांत उभा राहिलेला असतो. रविवारी संध्याकाळी लोणावळा-पुण्याहून परतणारी सगळी मुंबई त्याच रस्त्यावर असते. पनवेलपासून पुढे गाडी रांगत जाते. अशा वेळी घरात गाडी चालवू शकणारा एकच माणूस असेल, तर त्याने दुपारी तासभर सावलीत आडवे व्हावे. मुलांच्या मागे धावायला दुसरे कोणी तरी लागते. म्हणजे बघा, ज्या नणंदेला आणि धाकट्या दिराला जागा नाही म्हणून मागे ठेवतो, तेच तिथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

‘अहो, लहान मुले आहेत, मांडीवर घेऊ, आठ जण सहज मावतील,’ हे उत्तरही आम्हाला ठाऊक आहे. गल्लीतल्या गल्लीत चालून जात असेल. द्रुतगती मार्गावर मांडीवरचे मूल म्हणजे पट्टा नसलेले मूल. गाडी जोराने थांबली तर आईच्या हातांना ते धरून ठेवता येत नाही. त्या मार्गावर आता वेग आणि पट्टे टिपणारे कॅमेरे बसले आहेत, त्यामुळे दंडाची पावती घरी येते, ते वेगळेच. आम्हाला दंडाची चिंता नाही. मांडीवरच्या मुलाची आहे.

मोटारसायकलवर नवरा, बायको आणि मध्ये मूल, असे जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाता येते, पण तिथे अवजड ट्रक असतात. शिवाय चार वर्षांखालील मूल दुचाकीवर असेल तर त्याला हेल्मेट आणि बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि वेग ताशी चाळीसच्या पुढे नको, असा २०२३ पासूनचा नियम आहे. चाळीसच्या वेगाने ऐंशी किलोमीटर जायचे आणि दिवसभर दमून अंधारात तसेच परतायचे. आम्ही तरी ‘नको’ म्हणू.

भाड्याची मोठी गाडी हा मार्ग दहा-बारा जणांच्या घराला पहिला सुचतो आणि तो खरोखर चांगला आहे. तेरा किंवा सतरा सीटांची टेम्पो ट्रॅव्हलर केली तर कोणी मागे राहत नाही, दारातून बसायचे आणि दारात उतरायचे. दोन बिऱ्हाडे मिळून केली तर माणशी खर्च एकदम खाली येतो. मात्र ठरवताना नुसता आकडा विचारू नये. बहुतेक गाडीवाले दिवसाचे किमान किलोमीटर धरतात, तुम्ही कमी फिरलात तरी पैसे तितक्यांचेच. टोल त्यात आहे की वर, पार्किंग कोणाचे, ड्रायव्हरचा भत्ता किती, रात्री अमुक वाजल्यानंतर जादा आहे का, हे सगळे फोनवरच लिहून घ्यावे.

आणि पाटी बघावी. भाड्याने चालणाऱ्या गाडीची नंबरपाटी पिवळी असते, अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीतला कोणी ‘स्वस्तात देतो’ म्हणतो, आणि आपल्याकडे ओळखीला नाही म्हणणे अवघड जाते. पण खासगी गाडी भाड्याने फिरवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. हजार रुपये वाचवण्यासाठी दहा माणसे बिनविम्याची बसवू नयेत.

ड्रायव्हरबद्दलही एक बोलायचे आहे. लग्नसराईत हीच गाडी आदल्या रात्री वरातीला गेलेली असते आणि हाच ड्रायव्हर पहाटे चारला घरी पोहोचलेला असतो. ‘काल रात्री कुठे होतात?’ हे विचारायला लाजू नये. मग दिवसभर तो पार्किंगमध्ये उन्हात बसून राहतो. आपण डबे बांधताना त्याचा डबा बांधला का? त्याचे पाणी, त्याचे जेवण, त्याची दुपारची झोप, यावरच आपली रात्रीची सफर अवलंबून आहे. दस्तरखानावर त्याला बोलावणे हा रिवाज आपल्याकडे जुनाच आहे. सहलीच्या दिवशी तो विसरला जाऊ नये.

डब्यांचा विषय निघालाच आहे. पार्कमध्ये बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत. तीन वाजता उठून सुनेने केलेला खिमा आणि पराठे गेटवर अडले की सगळ्यांचे चेहरे उतरतात, आणि सुनेचा सर्वांत जास्त. म्हणून घरचा नाश्ता आत जाण्यापूर्वीच उरकावा, आणि परतीसाठी टिकणारे काही, चिवडा, खजूर, सुके पराठे, वाहनात ठेवावे. तुमचे वाहन दिवसभर तिथेच थांबणार असेल तरच हे जमते. लोकलने जाणाऱ्यांनी हलका नाश्ता वाटेतच खाऊन हात मोकळे ठेवावेत. आतले मांस हलाल आहे का, हे विचारूनच घ्यावे. खात्री नसेल तर शाकाहारी ताट असतेच, एका दिवसाने काही बिघडत नाही.

आता एसटी. तिच्याकडे लोक बघतच नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते. मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना निम्मे तिकीट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या माणसांना निम्मे, पंचाहत्तरीपुढे काहीच नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे. अम्मींच्या घरातले दहा जण मोजा. अम्मी, मुलगी, सून आणि बाराच्या आतली मुले, सगळी निम्म्यावर. पूर्ण तिकीट दोघा भावांचेच, आणि एखादा मुलगा बाराच्या पुढे गेला असेल तर त्याचे. इतका स्वस्त प्रवास दुसरा नाही. हार्बर लाइनवरच्या मंडळींनी, म्हणजे वडाळा, कुर्ला, गोवंडी, मानखुर्दच्या कुटुंबांनी, लोकलने पनवेल गाठावे आणि तिथल्या एसटी आगारातून खोपोली किंवा पालीच्या दिशेची गाडी बघावी. पालीकडे जाणारी गाडी असेल तर कंडक्टरला आधीच सांगून ठेवावे म्हणजे ते पार्कजवळ उतरवतात. कोकणातून येणाऱ्या वाचकांना तर मुंबईकडे वळण्याची गरजच नाही. महाड-माणगावहून वाकण फाट्याने पाली आणि पालीहून खोपोलीचा रस्ता, पार्क त्याच रस्त्यावर लागते. एक मात्र ध्यानात ठेवावे, पालीला अष्टविनायकांपैकी एक गणपती आहे. चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, या रस्त्यावर भाविकांची मोठी गर्दी असते. कॅलेंडर बघून दिवस ठरवला तर त्यांनाही त्रास नाही आणि आपल्यालाही नाही.

एसटीची अडचण परतीचीच. संध्याकाळी पार्क सुटते तेव्हा शेवटच्या गाड्यांची वेळ होत आलेली असते, आणि रस्त्यावर हात करून थांबलेली गाडी दहा जणांना जागा देईलच असे नाही. सकाळी उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ कंडक्टरला विचारून कागदावर लिहून ठेवावी.

राहिली लोकल. खोपोली हे मध्य रेल्वेचे शेवटचे टोक. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. मधली सात वर्षे पुण्याकडे जाणारा प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने नाही तर तट्टावरून घाट चढायचा. आज सीएसएमटीहून खोपोलीची थेट लोकल सव्वादोन ते अडीच तासांत पोहोचते. रेल्वे कल्याणवरून वळसा घेते म्हणून अंतर रस्त्यापेक्षा जास्त, सुमारे एकशे पंधरा किलोमीटर. दुसऱ्या वर्गाचे तिकीट पस्तीस रुपयांच्या आतबाहेर आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे. मोटारीला टोलमध्ये जाते तेवढ्यात इथे एक कुटुंब जाऊन येते.

थेट खोपोलीच्या गाड्या मात्र मोजक्या आहेत. नाही तर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरायची. मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी लहान लहान स्टेशने. पावसाळ्यानंतर हा तुकडा इतका हिरवा असतो, की पार्कात न जाता इथेच उतरावे असे वाटेल. ही लाइन एकेरी आहे, गाड्या थोड्या. एक चुकली की बराच वेळ फलाटावर बसायचे. मुंब्र्याच्या लोकांना आणखी एक बदल आहे, कारण कर्जत-खोपोलीच्या जलद गाड्या बहुधा मुंब्र्याला थांबत नाहीत. धीमी धरून डोंबिवली किंवा कल्याणला बदलायचे. आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारच्या वर्तमानपत्रात तो कुठे ते छापून येते. ते न वाचता दहा जणांना घेऊन निघू नये. खोपोली स्टेशनपासून पार्क दहा-बारा किलोमीटर. रिक्षा मिळतात, पण रिक्षात तीन माणसे, म्हणजे दहा जणांना चार रिक्षा. सकाळच्या रिक्षावाल्याचाच फोन नंबर घेऊन परतीची वेळ ठरवावी, म्हणजे रात्री घासाघीस नको.

आता अम्मींच्या पत्राचे उत्तर. तरुण माणसे आणि मुले गाडीत आणि म्हातारी माणसे घरी, ही जी घरोघरी पडलेली पद्धत आहे, ती आम्ही उलटी करून सुचवतो. गाडी आहे ना? मग ती ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी. ज्यांचे पाय चांगले आहेत त्यांनी लोकलने जावे.

मोठा मुलगा गाडी चालवील. त्याच्या शेजारी अम्मी, पुढच्या सीटवर, कारण तिथे पाय सैल सोडता येतात. मागे सून आणि सगळ्यात लहान दोन मुले. झाले पाच. लोकलने अम्मींची मुलगी, धाकटा भाऊ आणि मोठी तीन मुले. झाले दहा. लोकलवाल्यांनी तासभर आधी निघावे. त्या तीन मुलांना आम्ही ओळखत नाही, पण लोकलच्या दारातून येणारा वारा आणि कर्जतची बदली यांची मजा गाडीतल्यांपेक्षा त्यांनाच जास्त येईल, असे आमचे मन सांगते. (दारात उभे राहू देऊ नये, हे काकाने बघायचे.)

गाडी आधी पार्कवर जाऊन अम्मी, सून आणि लहान मुलांना उतरवील, आणि मोकळी गाडी खोपोली स्टेशनवर परत येईल. इथे हिशेब नेमका एका माणसाने अडतो. ड्रायव्हर सोडून गाडीत चार, आणि स्टेशनवर उभे पाच. धाकट्या भावाने रिक्षाने किंवा पालीकडच्या एसटीने यावे. तरुण माणूस आहे, आणि ‘मला काम आहे’ असे तो का म्हणतो, तेही आम्हाला थोडे समजते. जागा नाही हे ठाऊक असलेल्या माणसाला काम लवकर सापडते.

परतीला हाच क्रम उलटा. स्टेशनवाल्यांना आधी सोडायचे, कारण त्यांना गाडीची वेळ आहे. तोवर अम्मींनी बाकावर बसून मुलांच्या राहिलेल्या गोष्टी ऐकाव्यात. आणि एक अदलाबदल करावी. येताना सून लोकलने यावी आणि नणंद गाडीत बसावी. दोघींनाही मग लोकल आणि मोटार दोन्ही मिळाले, आणि परतल्यावर कोण आरामात आले यावर कोणी बोलणार नाही. पेंगुळलेले मूल कोणाचेही असो, ते गाडीत. रविवार असेल तर लोकलवाली मंडळी गाडीवाल्यांच्या आधी मुंब्र्याला पोहोचून चहा टाकतील, हेही अगदी शक्य आहे.

‘अम्मी तिथे करणार काय? एवढे महाग तिकीट काढून बसूनच राहायचे ना?’ हा प्रश्न घरात निघेल. निघू द्यावा. हजारांत जाणारे तिकीट आहे, विचार करायलाच हवा. ज्येष्ठांना सहसा सवलतीचे तिकीट असते, ते आणि चाकांची खुर्ची मिळते का, हे दोन्ही फोन करून आधी विचारावे. निट्रो नावाचा तिथला मोठा पाळणा १३२ फूट उंच जातो आणि पाच वेळा माणसाला उलटे करतो. त्यात अम्मी बसणार नाहीत, आम्हीही बसणार नाही. पण त्यातून पांढरेफटक होऊन उतरणारा धाकटा मुलगा बघायला मिळाला तर तिकीट वसूल! बसून बघण्याचे खेळ आहेत, सावली आहे, आणि नातवंडांचे कपडे, चपला, पाण्याच्या बाटल्या राखणारे विश्वासाचे माणूस कोणत्याही सहलीत सोन्याच्या मोलाचे असते. अर्थात अम्मींना फक्त सामान राखायला नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

कसर नमाजबद्दल दोघा-तिघांनी विचारले आहे. हे अंतर कोणी कुठून मोजतो त्यावर सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे पडते, आणि आपल्या वाचकांत हनफीही आहेत, शाफईही. हा अधिकार आमच्या पानाचा नाही. आपल्या मशिदीतल्या इमामसाहेबांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. आम्ही एवढेच सांगू, की जुहर आणि असरची वेळ पार्कात येते, तेव्हा जानमाज आणि वुजूसाठी एक बाटली पिशवीत वेगळी ठेवावी, आणि मगरिबची वेळ हिवाळ्यात लवकर येते, हे ध्यानात धरून परतीची लोकल निवडावी.

दिवस कोणता? बासी ईदला नको, त्या दिवशी सगळ्यांनाच तिथे जायचे असते. शुक्रवार जुम्यासाठी राहू द्यावा. शनिवार-रविवारी गर्दी आणि मेगाब्लॉक. सोमवार ते गुरुवारातला एखादा दिवस काढता आला तर रस्ता, लोकल आणि पार्क तिन्ही मोकळे मिळतात. मोठ्या मुलाला एक दिवसाची रजा टाकावी लागेल, ती त्याने टाकावी. एक अट लोकलवाल्यांना. सकाळी कल्याणच्या दिशेने जाताना त्रास नाही, मुंबईला जाणारी गर्दी उलट दिशेची असते. परंतु संध्याकाळी मुंबईहून भरून येणाऱ्या गाड्यांची दिशाही आपल्या उलट असली, तरी कल्याण-डोंबिवलीच्या पुलांवर त्या गर्दीशी गाठ पडतेच. मुलांचे हात धरून, घाई न करता उतरावे.

मुलांचे तिकीट पार्कात वयावर नसून उंचीवर लागते, तर एसटी-रेल्वेत वयावर. म्हणून घरीच भिंतीला उभे करून सगळ्यांची उंची मोजून ठेवावी आणि वयाचा पुरावा, अम्मींच्या आधार कार्डासकट, एकाच पिशवीत घ्यावा. अम्मींनी पायात सपाता घालू नयेत, मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात. गुडघ्याची गोळी पर्समध्ये, आणि मुलाचा नंबर फोनमध्येच नव्हे तर एका चिठ्ठीवरही लिहिलेला असावा. कुठला दिवस ठरला, ते आम्हाला कळवावे.